चिपळूणच्या हवेत वर्षाला कोण किती सोडतं? हिशेब मांडलाय, तपासून द्या

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. यंदा प्रकल्पाचा विषय मुलांनीच आणला: आपल्याकडची हवा कोण खराब करतं? उत्तर प्रत्येकाकडे तयारच होतं. लोट्याहून, म्हणजे औद्योगिक वसाहतीकडून, येणारी म्हणाली कंपन्या. बहादूरशेख नाक्यावरचा म्हणाला हायवे. पेठमापातला म्हणाला आमच्या मागची बेकरी. खेर्डीच्या मुलाने शेजाऱ्याच्या पाणी तापवायच्या बंबाचं नाव घेतलं, त्यात जुनं भांडण असावं. म्हटलं, भांडू नका, मोजू. आणि तिथेच फसलो.

मोजायचं म्हणजे यंत्र लावून हवा मोजायची असं नव्हे. ते वेगळं, आणि आमच्याकडे यंत्रही नाही. आम्ही करतोय तो उत्सर्जनाचा हिशेब. प्रत्येक उगमातून वर्षाला किती धूळ, किती सल्फर डायऑक्साइड, किती नायट्रोजन ऑक्साइड बाहेर पडतं त्याची यादी. सूत्र किराणा दुकानाच्या वहीसारखं सोपं आहे. किती जाळलं किंवा किती किलोमीटर चाललं, गुणिले एका एककामागे किती बाहेर पडतं तो गुणांक, आणि गाळणी बसवली असेल तर तिने अडवलेला भाग वजा. गुणांक बरेच जण अमेरिकेच्या 'एपी-४२' नावाच्या जाडजूड संग्रहातून घेतात. तो १९६८ पासून चालू आहे. आपल्या गाड्यांसाठी पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने केलेले गुणांक आहेत.

हे काही मी शोधलेलं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळुरू, चेन्नई आणि कानपूर या सहा शहरांचा असा अभ्यास करवून घेतला होता. मुंबईचं काम नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने केलं, पुण्याचं एआरएआयने. शहराचे दोन बाय दोन किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात काय जळतं ते लिहिलं. पुढे २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, त्याच्या यादीत कोकण पट्ट्यातून मुंबई, नवी मुंबई, ठाणे, उल्हासनगर, बदलापूर, वसई-विरार आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं एकही गाव नाही. म्हणजे आपली हवा चांगली असं आपण धरून चाललोय.

आता माझी फजिती. वाहनांपासून सुरुवात केली. एका कार्यालयातून एमएच-०८ च्या, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या, नोंदणीचे आकडे मिळवले, तालुक्याच्या लोकसंख्येप्रमाणे वाटणी केली, गुणाकार केला. आकडा प्रचंड. मग लक्षात आलं की त्यात माझी स्वतःची १९९८ सालची स्कूटरही आहे, जी पडवीत उभी आहे आणि तिच्यावर कोंबड्या बसतात. उलट मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईहून येणाऱ्या एमएच-०१ पासून एमएच-४७ पर्यंतच्या गाड्या त्या आकड्यात औषधालाही नाहीत.

म्हणून दुसरी वाट धरली, पंपांवरच्या डिझेल-पेट्रोलच्या खपाची. तिथेही घोळ. नाक्यावर टाकी भरणारा ट्रक ते डिझेल जाळतो गोव्यापर्यंत. आणि कहर म्हणजे मी दोन्ही आकडे वेगवेगळ्या ओळींत ठेवून शेवटी बेरीज केली. एका मुलीने विचारलं, "सर, गाडी एकदा किलोमीटरने आणि एकदा लिटरने, दोनदा धूर सोडते का?" गप्प बसलो.

शेवटी चौकात उभं राहून गाड्या मोजल्या. सकाळ, दुपार, रात्र. रस्त्याची लांबी गुणिले गाड्या, हे बरं जमलं.

पण खरा पेच पुढे. रस्त्यावरून गाडी गेली की जी धूळ उडते तिचं वेगळं सूत्र आहे. ते लावलं, तर पीएम १० मध्ये (दहा मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) ही धूळ इतकी मोठी आली की बाकी सगळं तिच्यापुढे चिल्लर. हे खरं, की मी पुन्हा कुठे माती खाल्ली? जाणकारांनी सांगावं. कंपन्यांच्या चिमण्या, भट्ट्या, शेतातलं जाळणं, सगळ्यावर मदत हवी आहे.

---

रानमोगरा

वाचतेय. कोंबड्यांची स्कूटर +१

---

संकासूर

सर, राग मानू नका. लोट्याच्या बाजूने वारा आला की नाकाला कळतं कोण काय सोडतंय. त्याला गुणाकार कशाला? आणि समजा तुमचा आकडा बरोबर आला, कोणाच्या टेबलावर ठेवणार आहात?

---

बॉयलरमामा

संकासुरा, नाकाला वास कळतो. सल्फर डायऑक्साइड थोडा असला तर नाकाला पत्ता लागत नाही, आणि ज्याला उग्र वास आहे ते दर वेळी जास्त असतंच असं नाही. मी एकतीस वर्षं बॉयलरवर काढली, तीन कारखान्यांत. नावं सांगत नाही, पेन्शनीचं वय झालं, आता कोणाशी वाकडं नको.

सर, चिमणीचा हिशेब सगळ्यात सोपा, कारण तिथे कागद असतो. प्रत्येक कारखान्याला मंडळाचं संमतीपत्र असतं, आम्ही कन्सेन्ट म्हणतो. त्यात इंधन कोणतं, दिवसाला किती, चिमणी किती उंच, गाळणी कोणती, सगळं लिहिलेलं. पण ती परवानगी आहे, खप नव्हे. मागणी नसली की बॉयलर अर्ध्या लोडवर चालतो, दिवाळीत बंद असतो. संमतीपत्रावरून गेलात तर आकडा फुगणार. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत कारखान्याने पर्यावरण विवरणपत्र भरायचं असतं, फॉर्म पाच. खपाच्या जवळचा आकडा त्यात सापडतो.

आता गंधकाचा हिशेब. याला गुणांकाचीही गरज नाही, तुम्ही रसायनवाले आहात. एक किलो गंधक जळलं की दोन किलो सल्फर डायऑक्साइड. समजा तासाला ३ टन वाफेचा बॉयलर आहे. कोळशावर असेल तर ताशी अर्धा टन कोळसा लागेल. कोळशात अर्धा टक्का गंधक धरलं तर टनामागे साडेनऊ किलो गॅस, थोडं गंधक राखेत राहतं म्हणून दहा नाही. म्हणजे ताशी पावणेपाच किलो. तोच बॉयलर फर्नेस ऑइलवर चालवा. ऑइल लागेल ताशी सव्वादोनशे-अडीचशे किलो, कोळशाच्या निम्मं, पण त्यात गंधक साडेतीन टक्के असू शकतं. गॅस निघाला ताशी सोळा किलोच्या घरात. धूर मात्र काळा दिसत नाही! लोक काळ्या धुराचे फोटो काढतात आणि स्वच्छ दिसणाऱ्या चिमणीकडे बघतही नाहीत.

एक गंमत सांगतो. नियमाप्रमाणे चिमणीची उंची काढतात ती चौदा गुणिले ताशी किलो गॅसचा ०.३ घात. सोळा किलोला बत्तीस मीटर येतात.  म्हणजे लांबून चिमणी बघूनसुद्धा तुम्हाला वरची मर्यादा बांधता येते. तीस मीटरची चिमणी दिसली तर ताशी पावणेतेरा किलोपर्यंतची सोय आहे असं समजा. मुलांना हे करायला द्या, त्रिकोणमितीही होईल.

ब्रिकेटवर गेलेले बॉयलर वेगळे धरा. भुसा, बगॅस दाबून केलेल्या त्या कांड्या. गंधक नावालाच, पण राख उडते. तिथे गाळणी कोणती, सायक्लोन आहे की कापडी बॅगांचा बॅग फिल्टर, आणि बॅगा शेवटच्या कधी बदलल्या, हा खरा प्रश्न. फाटक्या बॅगेची कार्यक्षमता कागदावर ९९ टक्केच राहते.

---

वाशिष्ठीकाठ

मामा, साष्टांग. चिमणीवरून उलटा हिशेब उद्याच देतो वर्गाला. एका ठिकाणी आम्हाला गेटवरूनच परत पाठवलं होतं, आता रस्त्यावरूनच काम होईल.

वासाचं काय पण? संध्याकाळी येतो तो गोडसर-उग्र वास कोणत्या ओळीत लिहू?

---

बॉयलरमामा

तो चिमणीतून येत नाही. तो सॉल्व्हंट. टोल्युईन, मिथेनॉल, असली द्रावणं. ड्रममधून रिअॅक्टरला ओढताना, सेंट्रिफ्यूज उघडताना, टाकीच्या व्हेंटमधून. त्याला गुणांकापेक्षा वाण्याचा हिशेब बरा. महिन्याला समजा १०० ड्रम विकत आणले. मालात गेले किती, सांडपाण्यात आणि गाळात गेले किती, जाळायला पाठवले किती. उरले ते हवेत. परत मिळवून पुन्हा वापरलेलं यात मोजायचं नाही, ते घरातल्या घरात फिरतं. कारखान्याला हा आकडा माहीत असतोच, कारण ते त्यांचे पैसे आहेत. एप्रिल-मेमध्ये कूलिंग टॉवरचं पाणी कोमट झालं की कंडेन्सर दमतो आणि तूट वाढते. आमच्याकडे स्टोअरकीपर उन्हाळ्यात कायम वैतागलेला असायचा.

आणि देशाच्या हवेच्या मानकांत २००९ पासून बारा प्रदूषकं आहेत. त्यात या द्रावणांपैकी फक्त बेंझिनचं नाव आहे. टोल्युईनचा वास कितीही येवो, तुमच्या हवेच्या निर्देशांकात तो दिसणार नाही.

---

तांबडी_माती

मी रस्त्याच्या कामावर असतो, म्हणून धुळीवर बोलायचा अधिकार आहे असं समजतो (शिव्याही आम्हीच खातो).

सर, तुमचा आकडा मोठा आला यात नवल नाही. फक्त सांगा, रस्त्यावरच्या बारीक मातीचं प्रमाण तुम्ही कुठून घेतलंत? त्या सूत्रात सगळा जीव त्यातच आहे. दर चौरस मीटरला ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारी माती किती ग्रॅम. पुस्तकातला आकडा उचलला असेल तर हिशेब अमेरिकेतल्या कुठल्यातरी रस्त्याचा झाला, चिंचनाक्याचा नाही.

आठवतंय का, २२ जुलै २०२१ चा पूर उतरल्यावर काय झालं होतं? बाजारपेठेत चिखल, मग दोन दिवस ऊन पडलं आणि तोच चिखल पिठासारखा उडायला लागला. दुकानदार तोंडाला रुमाल बांधून फळ्या धूत होते. गाड्या होत्या किती त्या दिवसांत? फारच थोड्या. धूळ मात्र मी त्यापूर्वी तशी पाहिली नव्हती. मुद्दा हा की गाड्यांची संख्या तीच ठेवून माती बदलली तरी उत्तर कुठल्या कुठे जातं. चौपदरीकरणाच्या कामाशेजारी, डंपर जिथे कच्च्यावरून डांबरावर चढतात तिथे, आणि धुतलेल्या रस्त्यावर एकच आकडा लावू नका.

---

वाशिष्ठीकाठ

पुस्तकातलाच घेतला होता. मान खाली.

---

मळभ

मी पुण्यात वातावरणशास्त्रात शिकतेय, मूळची गुहागरची. या सूत्राशी माझं जुनं वैर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सर, तुमचं उत्तर दिशेने बरोबर आहे. करून बघा. वाहनांचं सरासरी वजन ३ टन धरा. रस्त्यावर दर चौरस मीटरला १ ग्रॅम बारीक माती असेल तर एका गाडीमागे एका किलोमीटरला सुमारे १.९ ग्रॅम पीएम १० उडते. १० ग्रॅम माती असेल तर साडेपंधरा ग्रॅम. आता तुलना करा. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या गाड्यांच्या धुराच्या मानकात डिझेल कारच्या नळीतून निघणाऱ्या कणांची मर्यादा किलोमीटरला ४.५ मिलीग्रॅम आहे. म्हणजे बऱ्यापैकी स्वच्छ रस्त्यावरही चाकाखालची धूळ नळीतल्या धुरापेक्षा चारशेपटींहून जास्त. समजा ५ किलोमीटरचा रस्ता, दिवसाला २० हजार गाड्या. एक ग्रॅमला दिवसाची १९० किलो धूळ, दहा ग्रॅमला दीड टन. झाडूने एवढा फरक पडतो.

पण.

पहिलं, हे सूत्र ज्या रस्त्यांवर बेतलं तिथे गाड्यांचं सरासरी वजन २ ते ४२ टन होतं. आपल्या गावातल्या रस्त्यावर निम्म्याहून जास्त दुचाक्या. सरासरी काढलीत तर दोन टनांच्या खाली जाल, म्हणजे सूत्राच्या अंगणाबाहेर. तिथे ते काय म्हणेल त्यावर भिस्त ठेवू नका. आणि ते टनही अमेरिकी, ९०७ किलोचे.

दुसरं, पाऊस. डांबरी रस्त्यासाठी पावसाची वजावट अशी करतात: पावसाचे दिवस भागिले एकूण दिवसांची चौपट. चिपळूणला वर्षाचे समजा ११० दिवस धरले, तर ११० भागिले १४६०. साडेसात टक्के! आपल्या पावसाने धूळ फक्त साडेसात टक्के कमी होते म्हणे. जुलैत ३१ पैकी ३० दिवस पाऊस धरला तरी हे सूत्र पाऊणपट धूळ उडवतं. जुलैत ज्याने बाजारपुलावर उभं राहून भिजलेला रस्ता पाहिलाय त्याने यावर हसावं की रडावं? एका सरीने दोन तास ओल्या राहणाऱ्या रस्त्यासाठी ती वजावट आहे, चार महिने न सुकणाऱ्या रस्त्यासाठी नाही. शिवाय त्यांचा पावसाचा दिवस पाव मिलिमीटरचा, आपल्या हवामान खात्याचा अडीच मिलिमीटरचा. दिवस मोजताना घोळ घालू नका.

म्हणून वर्षाचा एक आकडा काढूच नका. महिन्यामहिन्याचा काढा. जून ते सप्टेंबर धुळीची ओळ जवळजवळ मिटवा, आणि पाऊस गेल्यावर खड्ड्यातली खडी-माती वर येते तेव्हा नवीन माप घ्या.

तिसरं, गुणांकांना त्या एपी-४२ संग्रहात ए ते ई अशा श्रेणी दिलेल्या असतात, आपल्या प्रगतिपुस्तकासारख्या. मुलांना प्रत्येक आकड्याशेजारी श्रेणी लिहायला लावा. मग कोणी उत्तर दशांशचिन्हात देणार नाही.

---

संकासूर

म्हणजे शेवटी झाडू. मी पहिल्यापासून सांगतोय, नगरपालिकेने झाडू मारला पाहिजे.

---

मळभ

संकासूरदादा, कोरडा झाडू मारला की तीच माती हवेत. पाणी मारून किंवा यंत्राने ओढून घेतली तर गेली. आणि तुम्ही हे पहिल्यापासून सांगत नव्हता, मी वर जाऊन पाहिलं :)

---

काजूबोंडू

आमच्या वेंगुर्ल्याचा पण लिवा. हयसर काजूचे कारखाने रग्गड आसत. बी भाजतत नायतर वाफवतत, आणि टरफलां परत भट्टीतच घालतत. फुकटचा जळण मा! पण टरफलात तेल आसता. ता जळला काय जो धूर येता तो लाकडाच्या धुरासारखो नाय. डोळ्यांक झोंबता, घसो खवखवता. मगे ह्या टरफलाक तुम्ही लाकडाचोच आकडो लावतलास?

---

मळभ

फार चांगला प्रश्न काढलात. लाकडाचा आकडाच मुळात उसना आहे. एपी-४२ मध्ये घरगुती फायरप्लेसला किलोमागे १७.३ ग्रॅम पीएम १० दिलंय. म्हणजे बर्फाळ गावातल्या दिवाणखान्यातली शेकोटी. तो आकडा आपण मागच्या दारच्या चुलीला, बेकरीच्या भट्टीला आणि स्मशानातल्या चितेलाही लावतो. टरफलाला लावणं म्हणजे त्याहून पुढची उडी. टरफलातलं तेल फिनॉलच्या जातीचं असतं, झोंबतं ते त्यामुळे. माझ्या मते वेगळी ओळ करून किती टन टरफल जळलं तेवढंच लिहावं. गुणांकाची जागा कोरी ठेवा. कोरी जागा खोट्या आकड्यापेक्षा बरी.

---

काजूबोंडू

टनाचो आकडो गावात. टरफलां आता इकूक पण जातत, तेल काढूक. जा इकला ता जळूक नाय, ता वजा करा.

---

भातखाचर

शेतातल्या जाळण्याचं सरांनी विचारलं होतं. बातम्यांत पंजाबची पराली दाखवतात आणि आपल्याकडचे शहाणे म्हणतात, कोकणात शेतं जाळत नाहीत. जाळतो की. भाजावळ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचा तरवा (रोपं) पेरायच्या आधी त्या तुकड्यावर शेण, वर कवळ म्हणजे झाडांच्या छाटलेल्या फांद्या, वर पातेरा, गवत, वरून मातीचा पातळ थर, आणि मग पेटवायचं. फेब्रुवारीपासून मेपर्यंत चालतं. आमच्याकडे आजे सासरे वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवायचे, म्हणजे आग सावकाश सरकते आणि जमीन नीट भाजते. सावकाश जळलं की धूरही जास्त आणि जमिनीलगत. पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला करतात, वारा पडलेला असतो म्हणून.

पुतण्याने मला उपग्रहाचा नकाशा दाखवला, लाल ठिपक्यांचा. आमच्या वाडीवर एकही ठिपका नाही!

---

मळभ

काकू, नसणारच. त्यातला सगळ्यात बारीक नजरेचा नेहमीचा नकाशा ३७५ मीटरच्या चौकोनाचा, आणि उपग्रह डोक्यावरून जातो दुपारी दीडच्या सुमारास आणि मध्यरात्रीनंतर. तुमची भाजावळ गुंठा-दोन गुंठ्यांची, पहाटेची. तो यायच्या आत राख थंड. मोठे डोंगरावरचे वणवे मात्र सापडतात.

याचा हिशेब जमिनीवरूनच करावा लागतो. गावात भाताखाली क्षेत्र किती, त्याला तरव्याची जागा किती, त्यातले किती जण अजून भाजतात, आणि एका गुंठ्यावर किलोने किती कवळ-पातेरा. शेवटचं कोणीतरी काट्यावर घातलं पाहिजे.

---

भातखाचर

घालते. पण आता निम्मे लोक भाजत नाहीत. कवळ तोडायला माणसं कुठे आहेत? लावणीयंत्रासाठी रोपं ट्रेमध्ये करतात काही जण. घरटी विचारल्याशिवाय कळणार नाही.

---

निळा_खेकडा

रत्नागिरीकरांनाही बोलू द्या. मिरकरवाड्याच्या ट्रॉलरचं डिझेल कुठल्या ओळीत? ते रस्त्यावरच्या पंपाच्या खपात येत नाही, मच्छीमार सोसायटीच्या पंपावरून जातं आणि नोंद असते, कारण परतावा मिळतो. म्हणजे माहिती रस्त्यावरच्या गाड्यांपेक्षा चांगली. फक्त सगळं बंदरात जळत नाही, बरंचसं खोल समुद्रात. जून-जुलै बंदी असते तेव्हा ती ओळ शून्य.

आणि खारं वारं? माझ्या खिडकीचे गज दर दोन वर्षांनी गंजून जातात. ते मीठही पीएम १० मध्ये मोजलं जातं ना?

---

मळभ

यंत्राने हवा मोजली तर मोजलं जातं. उत्सर्जनाच्या यादीत माणसाने सोडलेलं लिहितात, समुद्राने सोडलेलं वेगळं. म्हणूनच किनाऱ्यावर यंत्राचा आकडा आणि तुमची यादी कधी तंतोतंत जुळत नाही, आणि जुळली तर संशय घ्यावा.

---

कोरेप्रवासी

रेल्वेची ओळ राहिली. कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आला, त्यामुळे मुख्य गाड्यांच्या डिझेलचा धूर यादीतून गेला. आणि रो-रो सेवा १९९९ पासून ट्रकच्या ट्रक कोलाडहून वेर्ण्यापर्यंत रेल्वेवर चढवून नेते. ते ट्रक तुमच्या नाक्यावर मोजलेच जात नाहीत. आमच्यामुळे न उडालेल्या धुळीचं श्रेय कोण देणार?

---

बॉयलरमामा

एक राहिलं. टनांवरून कोणाला दोषी ठरवू नका, सर. जयगडला कोळशावरचं १२०० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे. टनात बघाल तर आपल्या सगळ्या बेकऱ्यांची बेरीज त्याच्यापुढे कुठेच नाही. पण त्याची चिमणी आभाळाला टेकलेली, धूर लांब आणि विरळ होऊन उतरतो. पेठमापातल्या त्या बेकरीची चिमणी शेजारच्या माडीच्या खिडकीएवढी. त्या खिडकीतल्या आजीला कोणता धूर जास्त मिळतो?

आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे बघा. परशुरामाच्या घाटातून खाली पाहिलं की खोरं दुधाने भरल्यासारखं दिसतं. त्या धुक्याखाली बंब, शेकोट्या, कचऱ्याची जाळपोळ, सगळं कोंडलेलं असतं. तोच धूर एप्रिलच्या दुपारी खाऱ्या वाऱ्याने घाटाकडे निघून जातो. टन तेवढेच.

---

मळभ

मामा, आमच्या विभागात एक जागा रिकामी आहे :) हेच म्हणायचं होतं. यादी सांगते किती सोडलं. कुठे किती साचतं त्याला वारा, उंची, वेळ लागते. म्हणून प्रत्येक ओळीत चार गोष्टी लिहा: किती, कुठे, किती उंचीवर, कधी.

---

वाशिष्ठीकाठ

तीन आठवड्यांनी परत आलो. कबुलीजबाब आणि प्रगती दोन्ही.

तांबडी_माती यांच्या शब्दाने आम्ही माती गोळा केली. पहाटे साडेपाचला, गाड्या सुरू व्हायच्या आत, चिंचनाक्याजवळ रस्त्यावर खडूने एक मीटरचा चौकोन आखला. दोन मुलं टॉर्च धरून, एक रहदारीकडे बघत, आणि मी गुडघ्यावर बसून रंगाऱ्याच्या ब्रशने माती सुपलीत ओढतोय. ब्रश ओला नको, केस मऊ हवेत, डांबराच्या खाचेतली माती निघेपर्यंत तीनतीनदा फिरवायचा. दूधवाला थांबला. त्याने चौकोन पाहिला, सुपली पाहिली, मला पाहिलं, आणि लांबूनच विचारलं, "मास्तर, कोणावर केलनी?" तिठ्यावर पहाटे चौकोन आखून माणूस बसलाय म्हटल्यावर त्याचं काय चुकलं. दुपारपर्यंत शिक्षकांच्या खोलीत बातमी पोचली होती.

माती उन्हात न ठेवता भट्टीत वाळवली, मग चाळली. ७५ मायक्रॉनची चाळणी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या माती-प्रयोगशाळेतून मागून आणलीय. चाळणीवर राहिली ती वाळू, खडी, बसच्या तिकिटाचे तुकडे आणि एक कानातलं. खाली पडली ती मैद्यासारखी तांबूस पूड, बोटांना लागली की रेषांत बसते. वजन सोनाराच्या काट्यावर. आकडा इथे देत नाही, कारण एकाच चौकोनाचा आहे आणि उद्या तो कोणीतरी 'चिपळूणची धूळ' म्हणून पुढे ढकलेल. दहा ठिकाणचे झाले की देईन. एवढं सांगतो, हायवेच्या कामाशेजारचा चौकोन आणि गावातला चौकोन यांच्यात सुपलीलाच फरक कळला, काटा लागला नाही.

यादी आता अशी झालीय: महिनावार, उंचीसकट, श्रेणीसकट. वाहनं फक्त मोजणीवरून, पंपाचा खप ताळा बघायला बाजूला. टरफलाची ओळ कोरी. भाजावळीची भातखाचर काकूंच्या वाडीपुरती. लोटं खेड तालुक्यात येतं तरी आत घेतलं, जयगड बाहेर ठेवून खाली टीप दिली. चिमण्यांची उंची मुलींनी काढली, एकीची संमतीपत्रापेक्षा भरपूर कमी आली. आधी वाटलं मोठं सापडलं. पुन्हा मोजली तर ती चिमणीपासून नव्हे, कुंपणापासून अंतर मोजत होती.

पुढची मोजणी गणपतीच्या आदल्या शनिवारी, बहादूरशेख नाक्यावर, पहाटे पाच ते रात्री अकरा. तीन-तीन तासांच्या पाळ्या. दुचाकी, रिक्षा, कार, एसटी आणि खासगी बस, ट्रक, असे पाच रकाने. माणसं कमी पडताहेत.

---

तांबडी_माती

रात्रीची पाळी माझी. रिफ्लेक्टरवाली जॅकेटं साइटवरून आणतो, चार आहेत. दहा चौकोनांपैकी तीन काँक्रीटच्या पट्ट्यावर घ्या, डांबरासारखी माती तिथे बसत नाही.

---

बॉयलरमामा

सकाळची मला द्या. झोप तशीही येत नाही. ट्रक वेगळे मोजताना भरलेले आणि रिकामे असे दोन करा, वजनाचा प्रश्न आहे ना.

---

संकासूर

मी येणार नाही. उगाच उन्हात गाड्या मोजायला मला वेळ नाही. पण नाक्यावर मेव्हण्याचं चहाचं दुकान आहे, पत्र्याखाली बाक आहे, तिथून दोन्ही बाजू दिसतात. त्याला सांगून ठेवतो. आणि कृपा करून तिथे खडूने काही आखू नका, गिऱ्हाईक फिरकायचं नाही.